घोट्याला बांधायची टेप

चि. छोटीस,


निळी टेप घेऊ की काळी, असा तुझा निरोप ताईने कळवला. रंगाने काहीच बिघडत नाही की सुधारत नाही. पण कुठली टेप, हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. फोनवर सांगून अर्धं विसरशील, म्हणून सविस्तर लिहिते. टेप लावायला जी मैत्रीण बसेल तिलाही हे वाचायला दे.

आधी दुखापत नीट समजून घे. कबड्डीत बोनस घेऊन वळताना तुझं पाऊल आत मुडपलं आणि सूज आली ती बाहेरच्या अंगाला. मुरगळलेल्या पायांत हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. बाहेरच्या घोट्यापासून पुढे पावलाच्या हाडाकडे एक लिगामेंट जातं. तळवा आतल्या बाजूला वळू लागला की त्याला अडवायचं काम त्याचं. तुझं तेच ताणलं गेलंय, थोडं फाटलंय. ते पुरतं भरून येईपर्यंत ते काम बाहेरून कुणीतरी करायला हवं. म्हणून दुकानात जाण्याआधी एकच विचार कर: मला कुठली हालचाल थांबवायची आहे? तुझ्यापुरतं उत्तर आहे, पाऊल आत मुडपणं. जी टेप ते थांबवील ती तुझी. बाकीच्या कितीही चांगल्या असल्या तरी आत्ता तुझ्या कामाच्या नाहीत.

टीव्हीवर खेळाडूंच्या खांद्यावर, गुडघ्यावर दिसते ती रंगीत पट्टी म्हणजे किनेसिओ टेप. केन्झो कासे या जपानी गृहस्थांनी ती १९७० च्या दशकात काढली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती जगभर पसरली. तिचं कापड मुद्दामच ताणलं जाईल असं विणलेलं असतं, मूळ लांबीच्या सुमारे ४० टक्के जास्त. कातडीबरोबर ती हलावी, हालचाल अडू नये, हाच तिच्यामागचा विचार. म्हणजे तुझं पाऊल मुडपलं की तीही निमूटपणे त्याच्याबरोबर ताणली जाणार. स्नायू आखडला असेल तर काहींना तिने बरं वाटतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्यावर झालेल्या अभ्यासांचे आढावे घेतले तर ठोस फायद्याचा पुरावा तुटपुंजाच निघतो. आणि सांध्याला धरून ठेवायचं काम तर तिच्याकडून होणारच नाही. तुमच्या संघातल्या अर्ध्या मुली घोट्याला हीच टेप लावून निर्धास्त चढाईला जातात, याची मला खरोखर काळजी वाटते.

क्रेप बँडेज आणि औषधाच्या दुकानातलं लवचिक अँकलेट सूज दाबायला ठीक. तुझे ते दिवस गेले. डायनाप्लास्ट जाड असतं, चिकटतंही घट्ट, पण तेही ताणलं जातं. मांडीला किंवा वरच्या थराला ते छान, एकट्याने घोटा नाही सांभाळणार.

तुला हवी ती पांढरी, न ताणली जाणारी झिंक ऑक्साइडची टेप. रुंदी ३८ मिलिमीटर. चांगल्या रोलची लांबी साधारण १३.७ मीटर असते आणि तो एक-दोन वेळाच पुरतो, हे ताईला आधीच सांगून ठेव. दुकानात उघडा नमुना असेल तर दोन्ही हातांत धरून लांबीला खेच. जराही वाढली तर ती नको. मग आडवी फाड. कात्रीशिवाय, सरळ रेषेत, एका झटक्यात फाटायला हवी. दवाखान्यात सलाइन लावल्यावर चिकटवतात ती पातळ कागदी पट्टी ही नव्हे. स्वस्त पडते म्हणून ती आणू नकोस.

आता लावायची कशी. आदल्या दिवशी नडगीवरची लव काढ. लावण्याआधी पाय धुऊन अगदी कोरडा कर, तेल-क्रीम काही नको. टेबलावर बस, पोटरी कडेबाहेर लोंबू दे आणि पाऊल काटकोनात धर. शेवटपर्यंत ते तसंच राहिलं पाहिजे. पाऊल सैल पडलं की सगळी बांधणी चुकलीच म्हणून समज. घोट्याच्या पुढची घडी आणि टाचेमागची शीर, या दोन जागा घासून सोलवटतात. तिथे व्हॅसलीन लावलेला गॉजचा तुकडा ठेव आणि वरून फोमचा पातळ थर एकदाच गुंडाळ. घोट्याच्या हाडाच्या वर आठ-दहा सेंटिमीटरवर, पोटरीच्या खाली, टेपचे दोन वेढे दे. तो झाला पाया.

खरी कामगिरी पुढच्या पट्ट्यांची. प्रत्येक पट्टी आतल्या बाजूने सुरू करायची, टाचेखालून न्यायची आणि बाहेरच्या बाजूने ओढ देत वर पाया म्हणून दिलेल्या वेढ्यांपर्यंत आणून चिकटवायची. दिशा उलटी झाली तर टेप पावलाला नेमकी आत ओढेल, म्हणजे दुखापतीलाच मदत करील. अशा तीन पट्ट्या, प्रत्येक आधीचीवर निम्मी चढलेली. मग आठच्या आकड्यासारखा वेढा आणि टाच दोन्ही अंगांनी बांधून घेणारे वेढे. हे शेवटचे वेढे कागदावर लिहून कळणार नाहीत, रविवारी ये, हातात हात धरून दाखवते. आडव्या-उभ्या पट्ट्या विणत जाण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या व्हर्जिल गिबनी या शल्यविशारदाने १८९० च्या दशकात रूढ केली. सव्वाशे वर्षांनंतरही आम्ही विद्यार्थ्यांना तीच शिकवतो.

पावलाच्या पुढच्या भागावर ओढून वेढे देऊ नका, उभं राहिल्यावर चवडा पसरतो. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाब आणि सोड. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर सगळं काढून पुन्हा.

टेपची ताकद टिकाऊ नसते, हेही लक्षात ठेव. १९६२ साली रॅरिक आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की जेमतेम दहा मिनिटांच्या जोरदार व्यायामात तिचा जवळपास ४० टक्के आधार कमी होतो. तुमचा पूर्वार्धच पंधरा मिनिटांचा! त्यात मे महिन्याचा घाम. म्हणून टेप सकाळी घरून बांधून निघायचं नाही, सामन्याच्या तोंडावरच बांधायची आणि मध्यंतरात एकदा हात फिरवून सैल झालेली पट्टी बदलायची. तरीही ती बांधायचीच, कारण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका अधिक आणि बाहेरच्या आधाराचा सर्वांत जास्त फायदा अशाच घोट्याला होतो. रोजच्या सरावाला मात्र नाडी बांधायचं कापडी ब्रेस घे. सैल झालं की तुझं तुला आवळता येतं, शिवाय महिनाभरात टेपपेक्षा स्वस्त पडतं. आत लोखंडी किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असलेलं नको. तुझा घोटा पकडणाऱ्या कोपऱ्यातल्या मुलीच्याही बोटांचा विचार कर. सामन्यात घालणार असशील तर पंचांना आधी दाखव. मातीच्या मैदानावर अनवाणी खेळणार असाल तर तळव्याखालच्या टेपच्या कडा उचकटतात, तिथे एक जास्तीचा आडवा वेढा दे.

आता थोडं कडक बोलते. टेप न लावता त्या एका पायावर दहा उड्या न दुखता मारता येत नाहीत, तोवर सामना नाही. प्रशिक्षकांनी ‘टेप मार आणि उतर’ म्हटलं तरी नाही. हवं तर मी त्यांच्याशी बोलेन. दुखणं दाबून खेळायला टेप नसते, आणि वर स्प्रे मारून तर मुळीच नाही. रोज दात घासताना एका पायावर उभी राहा, जमलं की डोळे मिटून. घोट्याला खरी शिस्त त्यानेच लागते. तुझा एक्स-रे निर्दोष आला म्हणून मी एवढं लिहिते आहे. मैत्रिणींना सांग, मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच, मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर टेपचा रोल शोधू नका, आधी एक्स-रे काढा.

सामना संपला की टेप लगेच काढायची, ती घालून झोपायचं नाही. बोथट टोकाची कात्री घे, आतल्या घोट्यामागच्या खोलगट जागेतून वर-खाली काप. मग टेप कातडीपासून ओढू नकोस, एका हाताने कातडी दाबून ती टेपपासून सोडव. गोंद उरला तर खोबरेल. खाज किंवा बारीक फोड आले तर गोंदातल्या राळेची ॲलर्जी असू शकते, ती टेप परत न लावता मला फोटो पाठव.

ताईला नमस्कार. रविवारी येताना रोल आण, फोम माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी