बोटाला आधी कळतं

मावशी कापडाच्या दुकानात गेली की पोत, पन्हा, भाव यांतलं काहीही आधी विचारायची नाही. ठाण उलगडायला लावायची आणि चित्रं बघायची. चित्र ठसठशीत हवं, एकटं उभं असलेलं हवं, आणि दोन वर्षांच्या मुलाच्या ओळखीचं हवं. मासा चालायचा, छत्री चालायची, केळं चालायचं. एकात एक गुंतलेली वेलबुट्टी कितीही देखणी असली तरी ती बाजूला सारायची. इचलकरंजीत कापडाला तोटा नाही. 1904 साली तिथं पहिला यंत्रमाग आला आणि पुढं सगळं गावच मागांच्या खडखडाटात उठू-झोपू लागलं. पण मावशीचा जीव रमायचा तो कटपीसच्या ढिगात आणि शिंप्यांच्या चिंध्यांच्या पोत्यात. झबल्यांतून, फ्रॉकांतून, बाळाच्या उशीच्या अभ्र्यांतून उरलेले चित्रांचे तुकडे शिंपी तिच्यासाठी राखून ठेवायचे.

त्या तुकड्यांची ती मुलांसाठी वाकळ शिवायची. एका पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी खिडकी कापलेली होती. ती कापडावरून हळूहळू सरकवत न्यायची आणि खिडकीत अख्खं चित्र नीट बसलं की पेन्सिलीनं रेघ ओढायची. चारी बाजूंना पाव इंच शिवणीसाठी सोडायची, नाहीतर शिवताना हत्तीची सोंड नि सशाचे कान आत जातात. नवं कापड आधी धुऊन घ्यायची. आटायचं ते आधीच आटावं, रंग जायचा तो आधीच जावा. मग जमिनीवर मांडामांड. दोन चित्रांमध्ये एक साध्या रंगाचा चौकोन, डोळ्याला विसावा म्हणून. काही चित्रांची जोडी असायची, आणि जोडीतली दोन चित्रं ती मुद्दाम दूर ठेवायची. एक कोंबडी या टोकाला, दुसरी त्या टोकाला.

वरच्या चौकोनांखाली जुन्या नऊवारीचे मऊ पदर, तळाला मांजरपाट. टाका साधा, धावदोऱ्याचा, कडेकडून आत येत मध्यावर संपणारा. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपली कवंदी अशीच कडेपासून आत शिवत नेतात आणि चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून फुलं बसवतात. त्यांचं बघून मावशीही कोपऱ्यांत फुलं ठेवायला लागली. टिकल्या, मणी, बटणं मात्र तिनं कधी लावली नाहीत. लहान मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं.

माझी मामेबहीण न्यू जर्सीला असते. मावशीच्या वाकळीचा फोटो बघून तिनं कळवलं की तिकडंही बायका अशा गोधड्या शिवतात आणि त्यांना ‘आय स्पाय’ म्हणतात. याच नावाचं चित्रकोड्यांचं पुस्तक तिकडं 1992 साली निघालं. कोडी जीन मार्झोलो यांची, छायाचित्रं वॉल्टर विक यांची. तिकडच्या बायका मुलांच्या चित्रांच्या कापडाचे चौकोन कापतात आणि एकमेकींना टपालानं पाठवतात, म्हणजे एका गोधडीत कितीतरी घरचं कापड येतं. मामेबहिणीनंही एक जाडजूड पाकीट पाठवलं. मावशी हरखली. तिनं एकेक चौकोन उन्हात धरून पाहिला. बर्फाचा माणूस, रकून, भोपळ्याचा कंदील यांचे चौकोन घडी घालून वेगळे ठेवले आणि बेडूक, चंद्र, बूट घेतले. आमच्या बाजारातल्या कापडाचीही तिला एक खंत होती. त्यावर टेडी अस्वल असतं, स्ट्रॉबेरी असते, जिराफ असतो. कुकर नसतो, खराटा नसतो, एसटी नसते. मग ही चित्रं ती साध्या चौकोनावर साखळी टाक्यानं स्वतः भरायची. तिच्या एसटीला लाल रंग आणि मागं वर चढायची शिडी असायचीच.

मावशी बालवाडीची शिक्षिका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ हे तिचे आदर्श. 1945 साली बोर्डीला त्या दोघींनी बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते शंख, शिंपले, खडे, बिया, पानं असं हाताशी असेल ते घेऊन. मुलाच्या शिक्षणाला लागणारं सामान त्याच्या अंगणातच असतं, ही त्यांची श्रद्धा मावशीनं आयुष्यभर धरून ठेवली. बालवाडीच्या फरशीवर तिची वाकळ अंथरलेली असायची आणि तिच्याभोवती मुलं पालथी पडलेली असायची.

‘सांग बघू, मासा कुठं आहे?’ एवढंच ती विचारायची. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांनाही विचारायची. वर्षाच्या आसपास मूल बोट दाखवायला लागतं. बोलणं पुढं येतं, पण ओळख त्याच्या आधी आलेली असते. मावशी म्हणायची, ‘बोटाला आधी कळतं. तोंड मागनं येतंय.’ तिची वाकळ त्या मधल्या काळासाठी होती: मुलाला माहीत आहे, पण त्याच्याकडं शब्द नाही, आणि त्याला ते माहीत आहे हे कुणीतरी ओळखायला हवं.

विचारून झालं की ती थांबायची. मुलाचे डोळे वाकळीवर फिरत राहायचे, बोट उचललं जायचं, परत खाली यायचं. शेजारचं मोठं मूल उत्तर सांगायला पुढं सरसावलं तर ती त्याचा हात हलकेच आपल्या हातात घ्यायची. प्रत्येक चित्र कुठं शिवलंय हे तिला पाठ होतं, तरी तिची नजर त्या चौकोनाकडं जायची नाही. मूल आपल्या नजरेमागं जातं, हे तिला ठाऊक होतं. ती मुलाच्या चेहऱ्याकडं बघत राहायची. इतक्या पूर्ण लक्षानं माझ्याकडं दुसऱ्या कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. मीही त्याच वाकळीवर वाढले.

मावशी थकली तेव्हा तिला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर वाचाही. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की असं पुष्कळदा होतं. अशी वाचा जाण्याला वाचाघात म्हणतात. बोललेलं तिला बरंचसं कळत होतं, पण नावं हाती लागत नव्हती. पाण्याचा पेला समोर असायचा, तहान असायची आणि ‘पाणी’ हा शब्द नसायचा. ज्या बाईनं गावातल्या कितीतरी मुलांना पहिले शब्द दिले, तिच्यावर ही वेळ यावी याचा मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

वाचा-उपचार करायला येणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते आणले होते. नाव उच्चारायचं आणि पेशंटनं चित्र दाखवायचं. त्या आम्हाला म्हणाल्या, प्रश्न लहान ठेवा, एका वेळी एकच विचारा आणि उत्तराला वेळ द्या. शब्द तुम्ही पुरवू नका. हे सगळं आम्ही मावशीकडूनच ऐकत आलो होतो. मी बालवाडीतली वाकळ आणून तिच्या पलंगावर पसरली.

‘मावशी, कोंबडी कुठं आहे?’

बराच वेळ गेला. मग तिचा डावा हात हलला. बोट अडखळत सरकलं आणि कोंबडीवर टेकलं. मी ‘हो’ म्हणणार तोच ते पुन्हा उचललं गेलं, वाकळ ओलांडून गेलं आणि पार पलीकडच्या टोकाच्या दुसऱ्या कोंबडीवर जाऊन थांबलं. मी जोडीचं विचारलं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ती हसली. आपण काय दूर ठेवलंय आणि का, हे तिच्या बोटाला पक्कं ठाऊक होतं.

पुढं तिचे थोडे शब्द परत आले. ‘ये’, ‘नको’, ‘चहा’, माझं नाव. मग दुसरा झटका आला आणि ती गेली.

ती गेल्यावर तिचं काय काय गेलं, ते अजून एकेक करून लक्षात येतं. पुठ्ठ्याची खिडकी आहे. कापलेल्या चौकोनांचा डबा आहे, त्यात न्यू जर्सीचा बेडूक आहे. टाका मला येतो, कोपऱ्यातली फुलंही येतात. पण कुठल्या मुलाला काय विचारायचं, हे तिच्याकडं होतं. नव्यानं आलेल्या रडक्या मुलाला ती आधी सहज सापडणारं चित्र विचारायची. धीट झालेल्याला जोडी शोधायला लावायची. घरी ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याला एसटी विचारायची, कारण एसटी दिसली की ते मूल कुठल्या गावाला गेलं होतं ते सांगायला लागायचं. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. ते तिच्याबरोबर गेलं, आणि ही हानी भरून येणारी नाही. माणूस गेलं तरी त्याची कला मागं राहते असं लोक समजूत घालतात. मला ते पटत नाही. वाकळ राहते. विचारणारी राहत नाही.

तरी वाकळ कपाटात ठेवायची नाही, एवढं मी ठरवलं आहे. तिच्यावर सरबत सांडावं, ती धुतली जावी, विरावी, तिला ठिगळ लागावं. मावशीनं त्याचसाठी ती शिवली. डब्यातल्या चौकोनांची नवी वाकळ मी शिवून पुरी केली आणि बालवाडीत नेऊन अंथरली. एक मुलगी अजून बोलत नाही, नुसती बघते. मी तिच्याशेजारी बसते आणि विचारते, मासा कुठं आहे. तिच्या बोटाला वेळ लागतो. तोंडाशी आलेलं उत्तर मी गिळते, नजर माशाकडं जाऊ देत नाही आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत थांबते. मावशीचं मला येतं ते एवढंच, आणि तेवढं मी सोडणार नाही.