मामांची नाव आणि माझं जर्नल

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

सुरुवातीलाच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. अजूनही कुणी 'एकोणऐंशी' म्हटलं की मी मनात आधी ६९ लिहिते आणि मग खोडते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या असतील तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण हा विषय मराठीतच लिहायचा होता, कारण तो माझ्याशी मराठीतच बोलला गेला. तोही ऐन सबमिशनच्या आठवड्यात, रात्री दहाला, होस्टेलच्या गच्चीवर. (गच्चीवरच रेंज येते, हे आमच्या विंगला वेगळं सांगायला नको.)

फोन मामांचा होता. मामांचं गाव चांगदेवजवळ आहे. तिथे तापी आणि पूर्णेचा संगम आहे आणि खाली हतनूरचं धरण, ४१ दरवाजांचं. धरणाचं पाणी मागे संगमापर्यंत पसरतं. मामा त्या पाण्यात मासे धरतात. रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ. त्यांची सागवानी नाव माझ्यापेक्षा वयाने मोठी. डांबर भरून भरून तिचा रंग कोणता होता ते आता कुणालाच आठवत नाही. मागच्या पावसाळ्यात तिची तळाची फळी सुटली आणि मामांनी ठरवलं, नवी घ्यायची. पण नुसत्या मासळीवर नव्या नावेचे हप्ते निघत नाहीत. महाशिवरात्रीला चांगदेवच्या यात्रेला लोक येतात, थंडीत पक्षी बघणारे कॅमेरे घेऊन येतात, त्यांना फिरवलं तर चार पैसे सुटतील. म्हणजे नाव एकच, पण धंदे दोन.

"तू इंजिनेर होऊन राह्यली, तूच सांग माय, कोनती घेऊ?"

मामींनी पोत पतसंस्थेत ठेवली होती, हे मला दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं.

आता यात आमचा दादा, म्हणजे मामेभाऊ. तो तारकर्लीला जाऊन बनाना राईडवर बसून आला होता, तेव्हापासून त्याच्या डोक्यात वॉटर स्कीईंग शिरलं होतं. सकाळी जाळी, शनिवार-रविवारी स्की! मोठं इंजिन लावायचं आणि भुसावळ-जळगावच्या पोरांना दोरीमागे ओढायचं. मी हसले, पण मग वाचायला बसले, आणि कल्पना दिसते तितकी वेडी नाही हे कळलं. वॉटर स्कीईंग जन्मलं तेच नदीकाठच्या एका पोराच्या डोक्यात. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात, मिसिसिपी नदीच्या लेक पेपिनवर, राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या मुलाने दोन फळ्यांची टोकं गरम पाण्यात वाकवली, त्यांना चामड्याचे पट्टे ठोकले आणि भावाच्या बोटीमागे उभा राहिला. तिकडे आजही एकाच बोटीतून सकाळी गळ टाकणारी आणि दुपारी स्की करणारी कुटुंबं आहेत.

पण लेक पेपिन वेगळं आणि आपलं हतनूर वेगळं. स्कीवर माणूस उभा राहायला ताशी ३५-४० किलोमीटरचा वेग लागतो, मागे सुमारे २३ मीटरची दोरी, आणि वळायला मोकळं पाणी. इथे पाण्यात दर पन्नास पावलांवर कुणाची तरी जाळी लावलेली, आणि गाळ इतका की उन्हाळ्यात वल्हं तळाला टेकतं. शिवाय बोट सांभाळणारा एक आणि मागे स्कीवाल्यावर लक्ष ठेवणारा दुसरा, म्हणजे घरातली दोन माणसं गुंतली. एवढ्या ताकदीचं इंजिन नावेच्या मागच्या फळीवर बसवलं तर रिकामी नावसुद्धा मागून बसेल. आणि त्याला लागणारं पेट्रोल! स्की असं बाद झालं. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

खरा झगडा मासे आणि माणसं यांच्यातच होता. जाळं ओढायला नावेचा काठ खाली हवा, माणसांना तो उंच हवा. जाळं अडकू नये म्हणून आत सगळं मोकळं हवं, माणसांना बसायला बाकं हवीत. दोन्हींत समान गोष्ट एकच, नाव उलटता कामा नये.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. तरंगणारी वस्तू किती स्थिर आहे, हे मोजायचं प्रॅक्टिकल आपल्याला सेकंड इयरला होतं. पाण्याची टाकी, त्यात पत्र्याचा छोटा पाँटून, त्यावर सरकणारं वजन आणि कोन दाखवणारा ओळंबा. मेटासेंट्रिक हाईट. मी ते केलंच नाही. त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये होते, आणि रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून उतरवली. त्या सीनियरने आपल्या सीनियरच्या जर्नलमधून उतरवली असणार, कारण दशांशापुढचे आकडेसुद्धा सगळ्यांचे सारखे होते. व्हायवात मला व्याख्या विचारली, ती मी घडाघडा म्हटली. आणि आता मामी गळ्यातली पोत काढून माझ्या व्याख्येवर नाव घेणार होत्या.

त्या शनिवारी सकाळच्या गाडीने भुसावळ आणि तिथून गाव गाठलं. विकायला दोन नावा होत्या, दोन्ही फायबरच्या, सहा मीटर लांब, वजन साधारण तीनशे किलो. एक १.२ मीटर रुंद, निमुळती, दिसायला देखणी, किंमतही कमी. दादाचा जीव तिच्यावर. दुसरी १.५ मीटर रुंद, सपाट तळाची. दादा तिला 'परात' म्हणायचा. मी गणित मांडलं. स्थिरतेच्या सूत्रात रुंदीचा घन येतो, म्हणून रुंदी सव्वापट केली की तो आकडा जवळजवळ दुप्पट होतो. कागदावर परात जिंकली. मामांनी कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कागदावर कोनी बुडत नही. पान्यात दाखव."

मग सेकंड इयरलाच करायला हवं होतं ते प्रॅक्टिकल मी घाटावर केलं. दोन पोती वाळू, केळी मोजायच्या काट्यावर प्रत्येकी बरोबर पन्नास किलो. नावेत बांबू उभा केला, त्यावरून एक मीटर दोरा सोडला आणि खाली गवंड्याचा ओळंबा. ओळंबा हलत राहतो म्हणून तो पाण्याच्या बादलीत बुडवायचा, हे पुस्तकात होतं. मामांनी मात्र ते न सांगताच केलं. आम्ही तिघं हललो नाही, फक्त एक पोतं आडवं ८० सेंटीमीटर सरकवलं. निमुळतीत दोरा ११ सेंटीमीटर सरकला, परातीत ५. पन्नास गुणिले ०.८, भागिले एकूण वजन ५७५ आणि ०.११... निमुळतीचं उत्तर आलं ०.६३ मीटर, परातीचं साधारण १.४. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं रीडिंग! मी तिथेच उडी मारली आणि ओळंबा बादलीबाहेर आला.

मामा खुश झाले नाहीत. "पोतं गप बसते. लोकं बसतीन का? मंदिर दिसलं का सारे एका अंगाले उभे राह्यतीन, फोटोले."

हे माझ्या गणितात नव्हतं. माणूस उभा राहिला की नुसता बाजूला सरकत नाही, सगळ्या नावेचा गुरुत्वमध्य वर नेतो. पुन्हा आकडे घातले, नावाडी धरून नऊ माणसं उभी धरली, तर निमुळतीचं उत्तर शून्याच्याही खाली गेलं. म्हणजे ती कुणी हलण्याची वाटसुद्धा बघणार नव्हती. परातीची परीक्षा आम्ही कंबरभर पाण्यात घेतली. गावातली पोहणारी सहा पोरं आत, मामा मागे, आणि मी काठावरून ओरडले, "सगळे उजवीकडे!" काठ पाण्यापासून चार बोटं उरला. पोरं हसत होती. मामा हसले नाहीत. सातव्या पोराला त्यांनी चढूच दिलं नाही. मग दोन बादल्या पाणी आत ओतायला लावलं आणि तळाकडे बोट दाखवलं. सगळं पाणी खाली झुकलेल्या बाजूला धावलं. "आतलं पानी पडत्यालेच ढकलते." आपल्या पुस्तकात यावर दोन पानं आहेत.

त्या रात्री जेवताना मी वडोदऱ्याच्या हरणी तलावाचं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटली, सहा जण गेले. मामी ताटावरून उठल्या आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जाकिटं पयले घ्या, इंजिन मंग."

परात घेतली. डाव्या अंगाला जाळं ओढायचा काठ तसाच खाली ठेवला, उजव्या अंगाला पाइपाचा कठडा बसवला. बाकं मी सुचवली होती तेवढी उंच नाहीत, वीतभरच, काढता-घालता येणारी. माणूस जितका खाली बसेल तितकं बरं, आणि चार वाजता जाळ्यासाठी ती घाटावर काढून ठेवता येतात. इंजिन लहान. प्रवासी न्यायचे म्हणजे नोंदणी, परवाना, तपासणी हे सगळं आलं. ते कागद दादाने केले, आणि ते करता करता त्याचा रुसवा गेला.

नावेच्या बाजूला मामांनी मला रंगाने आकडा काढायला लावला, ६. कॉन्व्हेंटची असल्यामुळे मी आधी इंग्रजी काढला होता. तो पुसून मराठी काढला, म्हणून अजूनही मागे पुसट काहीतरी दिसतं.

यंदाच्या महाशिवरात्रीला मी घाटावर माणसं मोजायला बसले होते. एक सात जणांचं कुटुंब आलं, सातवं म्हणजे त्यांची आजी. "म्हातारीचं वजन ते किती, सोडा ना!" मामांनी हात जोडले, नाही म्हणाले. दुप्पट भाडं देऊ केलं तरी नाही. ते लोक रागावून निघून गेले. एका फेरीचे पैसे गेले म्हणून दादा कुरकुरला. आजी मात्र वळून नावेवरचा आकडा बघत होत्या.

आणि हो, सर, तुम्ही हे वाचत असाल तर माझ्या सेकंड इयरच्या जर्नलमधलं ते प्रॅक्टिकल मी पुन्हा लिहून आणलं आहे. रीडिंग घाटावरची आहेत. पान नंबर तोच ठेवला आहे.