गोदीला लागलेला लॅपटॉप

माझे वडील, अण्णा, मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणाऱ्या गोण्या, पेट्या, गासड्या मोजायच्या आणि कागदावर नोंदवायच्या, हे त्यांचं काम. मोजून ठेवायची सवय अंगात इतकी मुरलेली की घरी आल्यावरही ते दिवसाची नोंद केल्याशिवाय झोपत नसत. डायरीचं एक पान, निळी-काळी शाई, बारीक अक्षर. आज कुठलं जहाज धक्क्याला लागलं, काय माल उतरला, शिवडीला परतताना पाऊस होता का, आईचं डोकं दुखायचं थांबलं का. अशा बावीस डायऱ्या त्यांच्यामागे उरल्या. कागद आता कडांना तुटायला लागला आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी त्या स्कॅन करायला घेतल्या, आणि पहिल्याच आठवड्यात एका प्रश्नापाशी अडले. लॅपटॉपला बाकीची यंत्रं जोडायला हब घ्यावा की डॉक?

माझा जुना लॅपटॉप जाडजूड होता. त्याच्या दोन्ही अंगांना भोकंच भोकं. स्कॅनर, मॉनिटर, लॅनची वायर, पेन ड्राइव्ह, प्रत्येकाची जागा ठरलेली. नवा घेतला तो वहीएवढा पातळ, आणि त्याला दोन टाइप-सी आणि हेडफोनचं एक, एवढीच भोकं. त्यातल्या एकात चार्जर गेला की बाकी सगळ्या संसाराला एकच दार उरतं. जवळच्या दुकानातून दीड हजारांचा हब आणला. बोटभर वायर, चपटी ॲल्युमिनिअमची पेटी, चार यूएसबी पोर्ट, मॉनिटरसाठी एक एचडीएमआय. स्कॅनर लावला, पानं साठवायची बाहेरची हार्ड डिस्क लावली. दोन्ही चालली. अण्णांच्या तीन वर्षांच्या नोंदी डिस्कवर आल्या.

मग एका रात्री पान अर्ध्यावर असताना स्कॅनरचा दिवा थांबला. डिस्कमधून टिक्‌टिक्‌ असा कोरडा आवाज आला, आणि पडद्यावर सूचना उमटली की डिस्क नीट न काढताच ओढली गेली आहे. मी हात लावला नव्हता. स्कॅन झालेल्या पानाचा वरचा भाग स्वच्छ, खाली नुसता काळा पट्टा. त्या तीन वर्षांची दुसरी प्रत मी अजून काढलेली नव्हती. सकाळी डिस्क थेट लॅपटॉपला लावली आणि सगळ्या फाइली जागच्या जागी दिसल्या, तोवर माझा डोळा लागला नव्हता.

डिस्क बिघडलेली नव्हती. ती उपाशी होती.

यूएसबीच्या वायरीतून माहिती जाते तशी वीजही जाते, आणि त्या विजेला मर्यादा असते. यूएसबी 2.0च्या एका पोर्टमधून मोजून 500 मिलिअँपिअर, 3.0मधून 900. आतली तबकडी फिरायला लागते त्या क्षणी छोटी डिस्क या मर्यादेच्या काठापर्यंत वीज मागते. माझा स्कॅनरही भिंतीतून वीज घेत नाही, तोही यूएसबीवरच जगतो. माझ्या हबला बाहेरून वीज घ्यायची सोय नव्हती. लॅपटॉप एका भोकातून जे देईल तेच त्याने सगळ्यांना वाटायचं. स्कॅनरचा दिवा पुढे सरकत असताना डिस्कने एक मोठा घास मागितला आणि पंक्तीतला भात संपला. एवढंच घडलं होतं. पण दुकानात मी भोकं मोजून हब घेतला होता. या पेटीला खायला कोण घालतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

त्यानंतर हब आणि डॉक या दोन शब्दांकडे मी नीट पाहिलं. हब म्हणजे मुळात चाकाचा तुंबा. बैलगाडीच्या चाकाचे सगळे आरे ज्यात येऊन रुततात तो लाकडी गाभा. तो आऱ्यांना एकत्र धरतो. गाडी ओढायचं काम त्याचं नाही, ते बैलांचं. आणि डॉक म्हणजे गोदी. हा शब्द तर आमच्या घरात मिठासारखा वापरात होता.

मुंबईच्या समुद्राला उधाणाच्या भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. माल उतरत असताना जहाज एवढं वर-खाली व्हायला लागलं तर काम कसं व्हायचं? म्हणून 1914 साली सुरू झालेल्या अलेक्झांड्रा गोदीला, आजच्या इंदिरा गोदीला, दरवाजे आहेत. जहाज आत आलं की दरवाजे लागतात आणि बाहेर समुद्र कितीही खाली गेला तरी आतलं पाणी आपल्या पातळीला राहतं. लहानपणी अण्णांनी हे मला परातीत वाटी ठेवून दाखवलं होतं. परातीतलं पाणी ओतून दिलं तरी वाटीतलं तसंच. “गोदी जहाजाला पाणी देते,” ते म्हणायचे, “जहाजाकडून घेत नाही.”

लॅपटॉपच्या हबमध्ये आणि डॉकमध्ये मला दिसणारा खरा फरक हाच. हब लॅपटॉपकडून घेतो. डॉक भिंतीच्या प्लगमधून स्वतःची वीज आणतो, डिस्कला, स्कॅनरला, कीबोर्डला ती पुरवतो आणि वर त्याच एका वायरीतून लॅपटॉपलाही चार्ज करतो. वेष्टनावर हब लिहिलंय की डॉक, यावर जाऊ नका, कारण विकणारे हे शब्द कसेही वापरतात. पेटीच्या पाठीला ॲडाप्टरचं भोक आहे का, ते बघा.

मधला एक प्रकार आहे, त्याने फसायला होतं. काही हबना लॅपटॉपचाच चार्जर लावता येतो, आणि वर ठळक लिहिलेलं असतं, 100 वॅट. याचा अर्थ तो हब 100 वॅट वाहून नेऊ शकतो, देतो असा नाही. त्यातले दहा-पंधरा वॅट तो स्वतःसाठी आणि आपल्या पाहुण्यांसाठी ठेवून घेतो. माझा चार्जर 65 वॅटचा. म्हणजे लॅपटॉपपर्यंत जेमतेम पन्नास पोचणार. लिहिण्या-वाचण्याला तेवढे पुरतात, हे मान्य. पण दिवसभर फोटो आणि व्हिडिओवर काम करणाऱ्याला संध्याकाळी चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरलेली दिसेल.

ज्या माणसाच्या कामामुळे हे एकाच आकाराचं भोक घराघरात आलं त्याची आठवण इथे काढायलाच हवी. अजय भट्ट. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत इंटेल कंपनीत गेले. त्याआधी प्रिंटरचा पंचवीस पिनांचा रुंद प्लग दोन बाजूंनी स्क्रूने आवळावा लागे, माउसचा वेगळा, कीबोर्डचा गोल. भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून जानेवारी 1996मध्ये यूएसबीचं पहिलं मानक बाहेर आलं. एका संगणकाला या पद्धतीने 127 उपकरणं जोडता यावीत, ही सोय पहिल्यापासून होती, आणि ती हबवाचून शक्यच नव्हती. म्हणजे हब हे नंतर लावलेलं ठिगळ नाही, मूळ आराखड्यातच त्याला स्थान आहे. बडोद्यात शिकलेल्या मुलाने जगभरच्या वायरी एका आकाराला आणल्या, याचा मला अभिमान वाटतो.

पुढे 2014मध्ये टाइप-सी आलं. 24 पिनांचं, उलट-सुलट कसंही बसणारं. आकार एक झाला, पण आतलं सामर्थ्य एक नाही, आणि घोळ तिथे आहे. एका लॅपटॉपच्या टाइप-सीतून चित्र बाहेर जातं, दुसऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या भोकातून फक्त फाइली जातात. तिथे कितीही महागाचा डॉक आणला तरी मॉनिटर काळाच राहतो. डॉक निवडण्याआधी स्वतःच्या लॅपटॉपची माहिती वाचावी लागते, ती यासाठी.

मॉनिटरचंही असंच. माझ्या दीड हजारांच्या हबवर 4के लिहिलेलं होतं आणि चित्र 4के येतही होतं, पण सेकंदाला फक्त 30 वेळा. सिनेमा बघताना हे कळणार नाही. अण्णांचं अक्षर मोठं करून पान सरकवताना मात्र बाण मागे राहतो, जणू चिखलातून पाय उचलतोय. दोन तासांत डोळे थकतात. 4केला सेकंदाला 60 असं स्पष्ट लिहिलेलं असेल तोच घ्यावा, आणि लॅपटॉपलाही ते झेपतं का ते पाहावं. जाता जाता आणखी एक गोष्ट. यूएसबी 3.0च्या वायरींमधून निघणारा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो, आणि बिनवायरीच्या माउसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात बोलत असतो. डिस्क चालू असताना माउस अडखळत असेल तर तो बिघडलेला नसतो. रिसीव्हर हबपासून लांब, लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात लावा, किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरीने दूर न्या.

मी शेवटी डॉक घेतला. स्वतःचा ॲडाप्टर असलेला, दहा-पंधरा हजारांच्या पट्टीतला. थंडरबोल्ट या जास्त वेगाच्या जोडणीचे डॉक याहून बरेच महाग असतात, त्यांचा वेग व्हिडिओ संपादन करणाऱ्यांना लागतो, डायऱ्या स्कॅन करणाऱ्या माणसाला नाही. ज्यांच्या घरी मॉनिटर नाही, ज्यांना आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्ह लावायचा असतो, त्यांनी डॉकवर पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट सांगेन. त्यांना साधा हब पुरे. पण रोज डिस्क लागते आणि लॅपटॉप रोज टेबलावरून उचलला जातो, अशा घरात गोदी हवी.

गोदीचीही एक दुखरी बाजू असते, ती मला माझ्या डोंबिवलीच्या घरातल्या विजेने शिकवली. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, डॉक मात्र त्याच क्षणी बंद पडतो आणि त्याला लावलेली डिस्क पुन्हा ओढून काढल्यासारखी सुटते. साधा हब अशा वेळी लॅपटॉपच्या आधाराने तग धरतो. घरचा इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा तो पापणीभर वेळसुद्धा डिस्कला चालत नाही. इंटरनेटच्या राउटरला छोटा यूपीएस होता, त्यालाच मागून तगडा भाऊ आणला आणि डॉक त्यावर घेतला. आणि प्रत्येक डायरीची दुसरी प्रत आता त्याच संध्याकाळी निघते, वेगळ्या डिस्कवर.

आता सकाळी स्वयंपाक उरकला की लॅपटॉप टेबलावर आणून ठेवते आणि एक वायर लावते. मॉनिटर जागा होतो, स्कॅनर सरकून आपल्या जागी जातो, बॅटरीच्या खुणेवर वीज उमटते. संध्याकाळी तीच एक वायर काढते आणि लॅपटॉप आईच्या पलंगापाशी नेते. तिला दिवसाची पानं मोठ्या अक्षरात वाचून दाखवते. कधी तिला जहाजाचं नाव माझ्याआधी आठवतं.

काल 1971ची डायरी पूर्ण झाली. 365 पानं, एकही अर्धं नाही.