नाव घ्यावे लागते

आमच्या लहानपणी आई वडिलांना कधी नावाने हाक मारीत नसे. नुसते ‘अहो’ म्हटले की काम भागत असे. घरात ‘अहो’ एकच, त्यामुळे घोटाळा होण्याचे कारण नव्हते. नाव घ्यायचे ते हळदीकुंकवाला आणि तेही उखाण्यात लपवून. नावावाचून संसाराचे काही अडत नाही, अशी माझी समजूत त्यामुळे पक्की झाली होती. 2018 च्या दिवाळीत मात्र एक नाव कळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. आणि नाव तरी कुणाचे? एका बुरशीचे!

झाले असे की, दसऱ्याच्या सुमारास माझे थोरले भाऊ, अण्णा, यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली. वय बहात्तर, त्यात जुना मधुमेह. शस्त्रक्रिया चांगली पार पडली. मानेजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली होती, तिच्यातून सलाइन आणि अँटिबायोटिक्स चालू होती. आता चार दिवसांत घरी, असे आम्ही म्हणत होतो, तोच अकराव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. औषधे बदलली, ताप हटेना. मग रक्त तपासायला गेले आणि दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, “रक्तात यीस्ट वाढलंय.”

“यीस्ट? पावात घालतात ते?” मी विचारले.

“त्याच्याच भाऊबंदांपैकी,” ते म्हणाले आणि औषध लिहून पुढच्या खाटेकडे वळले.

वहिनींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “वन्सं, ह्यांना सकाळी चहाबरोबर पाव द्यायचे मी. त्यानं तर नसेल ना हो झालं?” त्या माउलीला काय सांगावे, हे मलाही कळेना.

कळले ते अण्णांच्या मुलीकडून. मीनल दुसऱ्या एका प्रयोगशाळेत जंतूंच्या तपासणीचे काम करते. त्या संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसून तिने आम्हा दोघींची शिकवणी घेतली. यीस्ट म्हणजे एकाच पेशीची बुरशी. पावातले यीस्ट बिचारे निरुपद्रवी. माणसाला छळणारी बहुतेक यीस्ट कॅन्डिडा नावाच्या कुळातली. त्यांतली ‘अल्बिकन्स’ ही जात तर कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यात मुकाट्याने नांदत असते. पण अँटिबायोटिक्समुळे शेजारचे जीवाणू नाहीसे झाले, आतड्यावर शस्त्रक्रिया झाली, शिरेत नळी राहिली, की या गरीब गाईला शिंगे फुटतात आणि ती रक्तात शिरते.

“मग औषध चालू केलंय ना?” मी म्हणाले.

“केलंय. पण आत्या, यीस्ट हे काही नाव नव्हे. ते नुसतं ‘अहो’ झालं. भर मंडईत ‘अहो’ म्हणून हाक मारलीस तर किती माणसं वळून बघतील?”

मग ती एकेकीचे गुण सांगू लागली. अल्बिकन्स बहुधा फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला जुमानते. ‘क्रुसाय’ त्याला मुळीच भीक घालत नाही. ‘ग्लॅब्राटा’ला पुष्कळदा मात्रा वाढवावी लागते. ‘ट्रॉपिकॅलिस’ आपल्या देशात बरीच आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली बघावे तर साऱ्या साबुदाण्याच्या दाण्यांसारख्या, फार तर कडेला एखादा छोटा कोंब. चेहऱ्यावरून ओळख पटणे कठीण.

म्हणून त्यांच्याकडून नाव वदवून घ्यावे लागते. जुनी युक्ती अशी की, रक्तद्रवाच्या थेंबात यीस्ट घालून ते 37 अंशांवर दोन-तीन तास ठेवायचे. अल्बिकन्स असेल तर तिला बारीक शेपटीसारखी नळी फुटते. (“म्हणजे उखाणाच की!” वहिनी म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या तेवढ्याच हसल्या.) दुसरी युक्ती रंगीत खाद्याच्या थाळीची. तिच्यावर अल्बिकन्स हिरवी उगवते, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसाय गुलाबी. ऐन दिवाळीत मी रांगोळीचे रंग असे ऐकत होते!

औषधाचा चौथा दिवस उजाडला तरी ताप होताच. अखेर यंत्राने नाव छापून दिले : ‘कॅन्डिडा हेम्युलोनी’. आम्हाला हायसे वाटले. मीनलचा चेहरा मात्र उतरला. ती म्हणाली, “यंत्राच्या वहीत जेवढी नावं, त्यांतलंच ते एक सांगणार. ज्याचं नाव वहीतच नाही, त्याला जवळच्या नातलगाचं नाव चिकटवून मोकळं होतं.”

तिने डॉक्टरांना गाठले, आर्जव केले आणि नमुना एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला लावला. तिथे लेसरच्या झोतात जंतूंच्या प्रथिनांचे वजन करून जात ओळखणारे यंत्र होते. शिवाय हे यीस्ट 42 अंशांच्या उष्णतेतही मजेत वाढले. हेम्युलोनीला ते साधत नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला. खरे नाव होते ‘कॅन्डिडा ऑरिस’.

ऑरिस म्हणजे लॅटिन भाषेत कान. 2009 साली जपानमध्ये एका सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातून ही जात प्रथम वेगळी काढली गेली, म्हणून हे नाव. 2013 साली दिल्लीतील रुग्णांच्या रक्तात ती सापडल्याचे प्रसिद्ध झाले. फ्लुकोनॅझोल तिच्यावर बहुधा चालत नाही. शिवाय खाटेच्या कठड्यावर, टेबलावर ती दिवसेंदिवस जिवंत राहते आणि हातांवरून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाते.

नाव कळले आणि दोन तासांत सारे बदलले. मानेतली नळी काढली. एकायनोकॅन्डिन वर्गातले महागडे इंजेक्शन रोज शिरेतून सुरू झाले. अण्णांना स्वतंत्र खोलीत हलवून खाट, कठडे क्लोरीनच्या पाण्याने पुसून काढले. चार दिवस आम्ही नको त्या औषधावर भरवसा ठेवून बसलो होतो, हे आठवले की अजून पोटात गोळा येतो.

भाऊबीजेला मी गेले तेव्हा दारातच मला झगा आणि हातमोजे घालायला दिले. आत निरांजनाला अर्थातच मज्जाव. मी रबरी हातांनी सुपारी ओवाळली. कुंकू लावायची परवानगी नव्हती. अण्णा क्षीण आवाजात म्हणाले, “ओवाळणी उधार हं!” कपाळाला हात लावून पाहिला. मोज्यातूनही कळले, ताप उतरला होता.

पुढे रक्ताच्या तपासण्या निर्मळ आल्या आणि महिनाअखेर अण्णा काठी टेकीत घरी परतले. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशांची यादी काढली, तिच्यात ऑरिस पहिल्या, सर्वांत गंभीर गटात होती. 2024 साली शास्त्रज्ञांनी तिचे कूळ वेगळे ठरवून ‘कॅन्डिडोझायमा ऑरिस’ असे नामकरण सुचवले. मीनलने हे सांगितले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “म्हणजे लग्न होऊन सासरचं नाव लागलं म्हणायचं!”

हल्ली शेजारीपाजारी कुणी “इन्फेक्शन झालंय” म्हणाले की मी लगेच विचारते, “कसलं? नाव काय?” लोकांना वाटते, म्हातारीला नसत्या चौकशा. वाटो बापडे. अण्णांनी त्या वर्षीची ओवाळणी पुढल्या भाऊबीजेला व्याजासकट दिली, ती मी अजून मोडलेली नाही.