पहिली रांग

टोरांटोला मुलाकडे गेलों, तेव्हां बर्फावरची हॉकी दाखविण्याचा त्यानें चंगच बांधला होता. तिकिटें काढलीं तीं थेट कांचेला लागून, पहिल्या रांगेंतलीं! किंमत त्यानें सांगितली नाहीं. सूनबाईंच्या मुद्रेवरून मीं ती ताडली.

पहिल्या रांगेंतून खेळाडू दिसतात, खेळ दिसत नाहीं. मैदान २०० फूट लांब नि ८५ फूट रुंद, आणि चेंडूऐवजीं ३ इंच व्यासाची रबरी चकती. ती पलीकडच्या टोंकाला गेली कीं गर्दींत हरपते. आपल्याच बाजूच्या फळीला चिकटून धावली तर मुळींच दिसत नाहीं. दोन धिप्पाड वीर समोरच्या कांचेवर आदळले म्हणजे मात्र आपल्याच फासळ्या मोडल्याचा भास होतो, तेवढें सुख तेथें खरें!

२० मिनिटांचा पहिला भाग संपतांच पाय मोकळे करण्याच्या मिषानें मी वर चढलों, आणि दुसरा सुरू झाला तरी कोपऱ्यांतल्या शेवटच्या रांगेमागें उभाच राहिलों. गोलामागचें जाळें मध्यें येत होतें (२००२ सालीं कोलंबस येथें चकती लागून १३ वर्षांची एक मुलगी दगावली, तेव्हांपासून तें आलें). पण डोळा तें लवकरच विसरला. चकती कोणाकडे जाणार, वाट कोठें फुटणार, हें सारें तेथून बुद्धिबळाच्या पटासारखें स्पष्ट दिसूं लागलें.

खालीं परतलों.

"लहानपणीं क्रिकेटला तुम्ही मला किती वर, किती लांब बसवायचांत, बाबा!" मुलगा हंसत म्हणाला. "तुम्हांला एकदां पुढें बसवायचें, हें तेव्हांच ठरवलें होतें."

त्या स्वस्त जागा त्याच्या मनाला लागल्या होत्या, हें मला इतक्या वर्षांत कधीं कळलें नव्हतें.

"इथून कसें दिसतें?"

"उत्तम!" मीं म्हटलें.

पुढच्या शनिवारचींहि तिकिटें त्यानें तेथलींच काढलीं.