हजार रुपयांत मुंबापुरी

आमच्या खालापूर गांवास रेल्वे नाहीं. मुंबईस जाणाऱ्यानें खोपोलीस येऊन गाडी धरावी, आणि ती वेळेवर गांठावी. कारण कर्जत-खोपोली फांट्यावर गाड्या मोजक्या, एक चुकली कीं दिवस विसकटला.

दिवाळीच्या सुटींत मुलांनीं मुंबईचा ध्यास घेतला. पेन्शनींतून हजार रुपये काढून मीं एका पाकिटांत घातले. माझीं दोन नातवंडें व धाकट्या बंधूंचा नातू, असा तिघांचा बेत होता. परंतु त्या मुलाच्या वडिलांचा कारखाना नुकताच बंद पडलेला. बंधु म्हणाले, "दादा, त्याला पुढच्या वर्षीं न्या." माझ्यावर भार नको, हा त्यांचा मानीपणा. सौ. कांहींच बोलली नाहीं. पहांटे दशम्या मात्र तिन्ही मुलांच्या बांधून दिल्या.

पांच ते बारा वर्षांच्या मुलांस लोकलला अर्धें तिकीट पडतें. भायखळ्यास उतरून राणीच्या बागेंत पायींच गेलों. (बुधवारीं ही बाग बंद असते, पूर्वीं एकदां स्वतःच्या अनवधानानें मी दारावरून परत आलों आहें.) मुलांस दरडोई 25 रुपये पडले. 2016 सालीं आणलेल्या पेंग्विनांपाशीं गर्दी फार. आमचीं मुलें अधिक रमलीं तीं शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरील दगडी हत्तीपाशीं. हा हत्ती घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा नांव दिलें. विलायतेस नेण्याच्या खटपटींत त्याचे तुकडे झाले. ते पुढें जोडून तो येथें उभा केला.

बोरीबंदरचें स्थानक 1878 सालीं आरंभून 1888 सालीं पुरें झालें. लोक त्यांतून धांवत जातात. तें रस्त्यापलीकडे उभें राहून पाहावें. फाटकाच्या खांबांवरील सिंह व वाघ, भिंतींवरील मोर, यांस तिकीट नाहीं. मुलें पाऊण तास हललीं नाहींत. दिवे लागूं लागले तेव्हां मीं सांगितलें कीं, 1915 सालीं आपल्या खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊं लागली. लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून घाटाखालीं येतें, चक्रें फिरवितें आणि पाताळगंगेस मिळतें. "म्हणजे मुंबई आपल्या पाण्यावर चालते!" नात म्हणाली. विधान शास्त्रशुद्ध नव्हे. पण शिक्षकी पेशा सोडलेला असल्यामुळें मीं तें दुरुस्त केलें नाहीं.

1924 सालीं खुल्या झालेल्या गेटवेवर मात्र पेंच पडला. मुलांस लाँचेंत बसावयाचें होतें. पाकीट पाहिलें तों माझें व दोघांचें भाडें निघत होतें, तिसऱ्याचें नाहीं. मी मनांत बेरीज करीत असतांच बंधूंचा नातू म्हणाला, "थोरले आजोबा, तुम्ही तिघे जा. मला पाण्याचें भय वाटतें." पाताळगंगेंत पोहणारा हा मुलगा! कोणीच बसलों नाहीं. भेळ घेतली, चौघांनीं खाल्ली, आणि समुद्र कांठावरूनच पाहिला.

रात्रीं खोपोलीच्या गाडींत तिन्ही मुलें माझ्या अंगावर रेलून झोंपलीं. घरीं आल्यावर पाकिटांत साठ रुपये उरले. त्यावर 'लाँच, चौघांची' असें लिहून तें देवघराच्या कोनाड्यांत ठेविलें. चार दिवसांनीं पाहिलें तों आंत पन्नासाची एक नोट अधिक होती. बंधूंस मीं कांहीं विचारलें नाहीं.