परत पाण्यात

आमचं गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठचं. भरतीची वेळ साधून अब्बा बांबूची काठी, दोरी आणि गळ घेऊन धक्क्यावर बसत. तांबोशीसाठी कोळंबीचा तुकडा, बोयीसाठी कणकेचा गोळा. मासा लागला तर रात्री कालवण, नाही लागला तर डाळ. गरवणं हा खेळ असू शकतो, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं.

पुढे मी इंग्लंडला आलो आणि बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात लागलो. तिथली पहिली काही वर्षं फार एकटेपणाची गेली. एका रविवारी बरोबर काम करणारा एक गोरा मला तळ्यावर घेऊन गेला. शेतात खणलेलं तळं, आत कार्प ठासून भरलेले. आपल्याकडचे मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच हा मासा. मध्ययुगात इथले लोक तो खाण्यासाठी पाळत. पोलंडमध्ये नाताळच्या जेवणात आजही असतो. या तळ्यांवर मात्र तो खायचा नाही. सरकारी परवाना काढायचा, तळ्याचे पैसे भरायचे, चिठ्ठी काढून जागा घ्यायची. शिट्टी झाली की पाच तास मासे धरायचे, काठच्या जाळीत जिवंत ठेवायचे, शेवटी वजन करायचं आणि सगळे परत पाण्यात सोडायचे. बक्षिसाच्या पैशांच्या डावात मी कधी पडलो नाही. पण त्या काठावर लोक मला नावाने हाक मारत, चहा देत. मला तेवढं पुरेसं होतं.

2003 च्या उन्हाळ्यात अब्बा आले, तेव्हा मी त्यांना हौसेने तळ्यावर नेलं. माझी काठी तेरा मीटरची, कार्बनची, तुकडे जोडून लांब करायची. तिला चक्री नाही. दोरा टोकालाच बांधलेला. टोकाच्या पोकळीत रबर असतं, मासा ओढू लागला की ते ताणलं जातं. अब्बांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "ही तर आपलीच काठी. फक्त महाग."

मी माशांच्या खाद्याची भुकटी भिजवून पीठ करत होतो. ते इतकं मऊ हवं की मासा सहज ओढून घेईल, पण तळाशी पोचेपर्यंत गळावर टिकलंही पाहिजे. माझं नेहमी घट्ट व्हायचं. अब्बांनी भांडं ओढून घेतलं, बोटांनी पाणी शिंपडत थोडा वेळ मळलं. "चक्क्यासारखं झालं पाहिजे," ते म्हणाले. असं पीठ झटक्याने फेकता येत नाही. काठीच्या टोकाला लावलेल्या वाटीत ते गळासकट ठेवायचं, काठी हळूहळू पुढे सरकवायची आणि जागेवर वाटी उलटी करायची. तरंगाची लांब काडी पाण्याबाहेर राहते. बारीक मासे टोचे मारतात तेव्हा ती नाचते; तेव्हा गप्प बसायचं. काडी सरळ खाली गेली की उचलायचं.

त्या दिवशी काडी सारखी खाली जात होती. प्रत्येक वेळी नवा गोळा अब्बाच करून देत. वजन भरलं ब्याऐंशी पौंड, म्हणजे सदतीस किलोच्या आसपास. एवढे मासे मी आयुष्यात धरले नव्हते. अब्बाही खुशीत होते. मग जाळी तळ्यात उलटी झाली. सगळे मासे गेले.

घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "भूक असेल तर मारावं. भूक नाही, मारायचंही नाही, मग त्याला ओढायचं कशाला?"

मी म्हणालो, "अब्बा, गळाला काटा नसतो. त्यांना दुखत नाही."

"त्यांनी सांगितलं तुला?"

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं होतं की ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असतात. ओठांत आम्ल टोचलेले मासे टाकीच्या तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते. ही बातमी मी वाचली होती. अब्बांना सांगितली नाही.

अब्बा 2009 मध्ये गेले. मी तळ्यावर जायचं सोडलं नाही. त्या काठावर मला जी माणसं मिळाली ती दुसरीकडे मिळाली नसती, असं मी स्वतःला सांगतो. ते खरंही आहे. पण माणसं मला मिळाली आणि गळ माशाच्या तोंडात गेला, हेही खरं आहे.

गेल्या उन्हाळ्यात नातू बरोबर होता. पीठ मीच मळलं, चक्क्यासारखं. संध्याकाळी जाळी उलटी करताना त्याने विचारलं, "दादाजी, यांना लागलं असेल का?"

मी म्हणालो, "हो, लागलं असेल."

तो आणखी काही विचारेल म्हणून मी थांबलो. त्याने विचारलं नाही. आम्ही दोघांनी मिळून जाळी धुतली आणि गाडीत ठेवली.